फुप्फुसातल्या धुळीची साक्ष : प्रस्तावना

वांद्रे पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या ई ब्लॉकमध्ये कामगार भवन आहे. संकुलातल्या बँकांत आणि हिरे बाजारात रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना ही इमारत ठाऊकही नसते. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय तिथे आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ८९व्या कलमाने डॉक्टरांवर एक काम सोपवलं. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला तिसऱ्या अनुसूचीतला आजार असावा असं वाटलं, की त्याचं नाव, पत्ता, आजार आणि कारखान्याचं नाव मुख्य निरीक्षकाला, म्हणजे आपल्याकडे याच संचालनालयाला, विनाविलंब लेखी कळवायचं. सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टॉसिस हे धुळीने होणारे दोन्ही आजार त्या यादीत आहेत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ती यादी आणि हे कर्तव्य कायम ठेवलं आहे. निदान पूर्ण पक्कं होईपर्यंत थांबा, असं कायदा कुठेही सांगत नाही. तरीही अशी पत्रं क्वचितच लिहिली जातात. वर्षानुवर्षं धुळीत राबलेली माणसं खोकत खोकत जातात आणि त्यांच्या कागदांवर क्षय, दमा, नाहीतर हृदय बंद पडल्याची नोंद राहते.

फुप्फुसाच्या ऊतीत बसलेली खनिज धूळ सूक्ष्मदर्शकाने कशी शोधायची, हा पुढच्या पानांचा विषय आहे. पुस्तिका मुख्यतः पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पण छातीचे डॉक्टर, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि नुकसानभरपाईचे दावे चालवणारे वकील यांनीही ती वाचावी म्हणून भाषा जमेल तितकी सोपी ठेवली आहे. तंत्राकडे वळण्याआधी एक गोष्ट ठामपणे मांडतो. सूक्ष्मदर्शकाखाली धूळ दिसली तर तो मोठा पुरावा असतो. ती दिसली नाही, म्हणून कामगार खोटा ठरत नाही. हा फरक ज्याला उमजला नाही, त्याचा अहवाल आजारी माणसाच्याच विरोधात वापरला जातो.

या तपासणीचा इतिहास मुंबईशी कसा येऊन भिडतो, ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची एक कामगार बाई होती. टर्नर ब्रदर्स या कंपनीत ती ॲस्बेस्टॉसचं सूत काढायची. १९२२ पर्यंत तिच्याने काम होईनासं झालं आणि १४ मार्च १९२४ रोजी, वयाच्या ३३व्या वर्षी, ती वारली. कंपनीने भरपाई नाकारली, अंत्यविधीचा खर्चही दिला नाही. तिच्या मृत्यूची चौकशी झाली, तेव्हा विल्यम कुक या पॅथॉलॉजिस्टने तिच्या फुप्फुसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याला जुन्या, भरून आलेल्या क्षयाचे व्रण दिसले. त्याशिवाय फुप्फुसभर पसरलेला तंतुमय कठीणपणा दिसला आणि त्यात रुतलेले टोकदार खनिज कण दिसले. ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा नमुना मागवून त्याने ते कण ताडून पाहिले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याने ही हकिकत प्रसिद्ध केली आणि १९२७ मध्ये या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव दिलं. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांसाठी धुळीचे नियम आले.

कुकने केलेल्या कामातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट पाहावी. क्षयाचे व्रण दिसल्यावर तो तिथेच थांबला असता, तर निदान चुकीचं ठरलं नसतं, पण अर्धवट राहिलं असतं. आपल्याकडे आज नेमकं तेच होतं.

टर्नर ब्रदर्स १९२० मध्येच टर्नर अँड न्यूऑल या मोठ्या समूहाचा भाग झाली होती. ब्रेक लायनिंग बनवणारी फेरोडो कंपनीही पुढे त्याच समूहात आली. याच घराण्यातली हिंदुस्थान फेरोडो घाटकोपरला, आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर उभी राहिली. नंतर तिचं नाव हिंदुस्थान कंपोझिट्स झालं. ब्रेक, क्लच, ॲस्बेस्टॉसचं कापड आणि दोर बनवणाऱ्या या कारखान्यातल्या कायम कामगारांची तपासणी त्यांच्या संघटनेने मुंबईच्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या मदतीने करवून घेतली. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस होता, म्हणजे जवळजवळ दर चौघा-पाचांमागे एकाला. देशात सुमारे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात असावेत आणि भरपाई मिळालेले ३० सुद्धा नाहीत, हेही त्यांनी त्याच निबंधात लिहिलं. कारणं सांगताना त्यांनी डॉक्टरांनाही सोडलं नाही. व्यवसायजन्य आजार ओळखण्याचं शिक्षणच डॉक्टरांना मिळत नाही आणि ॲस्बेस्टॉसिसला क्षय किंवा जुनाट ब्राँकायटिस म्हणून निकालात काढलं जातं, हे त्यांचं म्हणणं आम्हा वैद्यकवाल्यांना झोंबणारं आहे. पण ते खरं आहे.

त्या ४१ जणांपैकी कुणाचंही फुप्फुस कापून पाहायची गरज पडली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कामाचा इतिहास, छातीचा एक्स-रे आणि श्वसनक्षमतेची चाचणी यांवर ॲस्बेस्टॉसिसचं निदान होतं. जगभर असंच करतात. केवळ भरपाईच्या दाव्यासाठी जिवंत कामगाराच्या फुप्फुसाचा तुकडा मागणं हे अमानुष आहे आणि वैद्यकीयदृष्ट्याही अनावश्यक. ऊतीची तपासणी करायची ती दोनच प्रसंगी. कर्करोगाचा संशय किंवा अन्य कारणाने तुकडा काढावाच लागला तर, किंवा मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं तर. पण अशी ऊती एकदा हाती आली, की ती वरवर पाहून बाजूला ठेवायची नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशातच अडकतात. पाच मायक्रॉनच्या आतले कण वायुकोशांपर्यंत पोचतात. ॲस्बेस्टॉसचा तंतू लांबीला ५० मायक्रॉन असला तरी जाडीला एक मायक्रॉनहूनही कमी असतो आणि हवेच्या प्रवाहात सरळ उभा राहून आत शिरतो. वायुकोशात मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्याला गिळायला येतात. आखूड तंतू गिळला जातो, लांब गिळला जात नाही. मग पेशी त्याच्यावर लोह आणि प्रथिनांचा लेप चढवतात. या लेप चढलेल्या तंतूलाच ॲस्बेस्टॉस बॉडी म्हणतात.

ती एकदा पाहिली की विसरता येत नाही. सोनेरी-तपकिरी रंग, दोन्ही टोकं फुगीर, मधे मण्यांच्या माळेसारखे टप्पे, आणि त्या सगळ्याच्या आतून आरपार गेलेला एक सरळ, पारदर्शक, बिनरंगाचा तंतू. हा मधला तंतू दिसलाच पाहिजे. कोळशाच्या किंवा अन्य कणावरही लोहाचा लेप चढतो, पण तिथे गाभा काळा किंवा पिवळट असतो. कंडेन्सर थोडा खाली घेतला, प्रकाश कमी केला, की हा गाभा उठून दिसतो. लोह ओळखायला पर्ल्सचा रंग द्यावा; हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पोटॅशियम फेरोसायनाइड यांनी लोह गडद निळं होतं. मग कमी शक्तीच्या भिंगाखालीही निळ्या काड्या सापडतात. नेहमीचे काप चार-पाच मायक्रॉन जाडीचे असतात. त्यांत बॉडीचा अर्धा भाग कापून जातो, म्हणून या कामासाठी जाड, रंग न दिलेले काप वेगळे घ्यावेत. आणि घाई करू नये. एका चौरस सेंटिमीटरमध्ये सरासरी दोन बॉडीज दिसल्या आणि सोबत तसा तंतुमय कठीणपणा असला, तर ॲस्बेस्टॉसिस म्हणायला पुरेसं धरलं जातं. दोनच! एवढ्या जागेत दोन काड्या शोधायच्या म्हणजे काचपट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ओळीने, एकही पट्टा न सोडता पाहावी लागते. दिवसाला शंभर स्लाइड उरकणाऱ्या विभागात हे होत नाही, आणि ‘आढळल्या नाहीत’ असं लिहून दिलं जातं. खरं तर तिथे ‘शोधल्या नाहीत’ असं लिहायला हवं.

दुसरी पद्धत ऊती विरघळवण्याची. फुप्फुसाचा तुकडा सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावात ठेवला, की मांस विरतं आणि खनिज उरतं. ते बारीक छिद्रांच्या गाळणपटलावर गाळून मोजतात. ॲस्बेस्टॉसच्या आजारांसाठी १९९७ मध्ये ठरलेल्या हेलसिंकी निकषांनुसार एक ग्रॅम सुक्या ऊतीमागे १,००० हून अधिक बॉडीज म्हणजे कामावरच्या संपर्काची दाट शक्यता. हायपोक्लोराइट म्हणजे फरशी पुसायच्या ब्लीचमधलं रसायन; त्यामुळे ही पद्धत खर्चिक नाही. मात्र वापरायचं पाणी आणि द्राव आधी गाळून घ्यावे लागतात, नाहीतर तंतू बाहेरूनच येतात. सोबत ऊती न घालता एक कोरा नमुनाही चालवायचा, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. अडचण पुढे येते आणि भारतातल्या कामगाराच्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी आहे. ॲस्बेस्टॉसच्या जातींपैकी निळं आणि तपकिरी, म्हणजे क्रोसिडोलाइट आणि ॲमोसाइट, फुप्फुसात दशकानुदशकं टिकतात आणि बॉडीज बहुधा त्यांच्यावरच तयार होतात. पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाइल, वेगळं वागतं. त्याचे तंतू उभे चिरले जातात, तुटतात, विरतात, बाहेर टाकले जातात. इजा करून ते निघून जातात. आपल्याकडे वापरलं गेलं आणि आजही आयात होऊन पत्र्यांत आणि पाइपांत जातं, ते मुख्यतः हेच पांढरं. त्यामुळे वीस वर्षं यंत्रावर काम केलेल्या आणि निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाच्या फुप्फुसात बॉडीज थोड्या सापडल्या किंवा सापडल्याच नाहीत, तर त्यात नवल नाही. हेलसिंकी निकष ठरवणाऱ्यांनीही क्रिसोटाइलच्या बाबतीत तंतूंच्या मोजणीपेक्षा कामाच्या इतिहासावर भिस्त ठेवावी असंच म्हटलं आहे. मालकाच्या बाजूने साक्षीला येणारा तज्ज्ञ निकषातला आकडा सांगतो, हे वाक्य सांगत नाही. वकिलांनी हे पान खूण करून ठेवावं.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर दिलेल्या निकालात या अडचणीची एक बाजू आधीच सांभाळली आहे. प्रत्येक ॲस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायच्या, असा आदेश त्यात आहे. कारखान्यातली हवा गाळणपटलावर घेऊन तंतू मोजायचे, हेही त्यात आहे. ती मोजणीही सूक्ष्मदर्शकानेच होते. फेज कॉन्ट्रास्टखाली पाच मायक्रॉनहून लांब, तीनहून बारीक आणि जाडीच्या निदान तिप्पट लांब असलेला प्रत्येक तंतू धरला जातो. हवेच्या या मोजणीच्या वह्या मिळाल्या तर फुप्फुसातून निघून गेलेल्या तंतूंचा हिशेब त्यांत सापडतो. दावा करणाऱ्याने त्या मागितल्याच पाहिजेत.

सिलिकाचं तंत्र वेगळं आहे, आणि सिलिकाची धूळ तर वांद्रेकरांच्या दारातच आहे. पाली हिलपासून सरकारी वसाहतीच्या आसपासपर्यंत जुन्या इमारती पाडून नव्या उठत आहेत. ताबा मिळाला की आतलं काम सुरू होतं. ग्रॅनाइटचा ओटा, टाइल्स, कृत्रिम क्वार्ट्झचे तक्ते. ते कापणारा कामगार गॅलरीत उकिडवा बसून, पाणी न मारता ग्राइंडर चालवतो आणि तोंडाला रुमाल बांधतो. मुंबईच्या काळ्या बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, जवळजवळ नसतं. ग्रॅनाइटमध्ये ते भरपूर असतं आणि कृत्रिम क्वार्ट्झच्या तक्त्यांत तर बहुधा ९० टक्क्यांच्या वर. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या तक्त्यांवर बंदी घातली, कारण ते कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडू लागले होते. आपल्याकडे त्यांच्या जाहिराती लागतात. रुमालाने दोन मायक्रॉनचा कण अडत नाही. पाण्याची बारीक धार आणि योग्य मास्क या दोन गोष्टींनी बरंच काही वाचतं. फ्लॅटचं काम करवून घेणाऱ्याने एवढं पाहिलं तरी पुष्कळ आहे.

काचपट्टीवर सिलिकोसिस ओळखू येतो तो गाठींवरून. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाभोवती एक गुंडाळलेले कोलॅजनचे थर, मधे पेशीविरहित गुलाबी भाग, कडेला धूळ खाल्लेल्या मॅक्रोफेजची गर्दी. कण बघायचे तर ध्रुवीकृत प्रकाश हवा. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकात एक पोलरॉइड फिल्म कंडेन्सरखाली आणि दुसरी काचपट्टीच्या वर ठेवून फिरवली, की पार्श्वभूमी काळी होते आणि स्फटिक चमकतात. महापालिकेच्या कोणत्याही रुग्णालयात हे उद्या सकाळी करता येईल. सिलिकाचे कण मंद चमकतात. अभ्रक आणि टाल्क यांसारखे सिलिकेट झगझगीत. नवशिक्याला झगझगीत कण भुरळ घालतात आणि तो सिलिका असं लिहून मोकळा होतो. फसवणारं आणखीही आहे. बफर न केलेल्या फॉर्मेलिनमध्ये राहिलेल्या ऊतीत तपकिरी-काळा फॉर्मेलिनचा रंगकण तयार होतो, तोही चमकतो. ग्लोव्हजच्या पावडरमधला स्टार्च काळ्या फुलीसह चमकतो. शहरातल्या प्रत्येक प्रौढ फुप्फुसात असणारा काळा कार्बन चमकत नाही, पण बाकीचं झाकून टाकतो.

म्हणून जिथे निर्णय महत्त्वाचा, तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेलं क्ष-किरण विश्लेषण हवं. त्यात प्रत्येक कणातली मूलद्रव्यं दिसतात. एकट्या सिलिकॉनचं शिखर आलं तर सिलिका; सोबत ॲल्युमिनियम, पोटॅशियम आलं तर अभ्रक, फेल्डस्पार किंवा माती; मॅग्नेशियम आणि सिलिकॉन आले तर क्रिसोटाइल किंवा टाल्क, मग आकार पाहून ठरवायचं. अशी यंत्रं पवईला आयआयटीत आहेत, पण ती रुग्णालयांच्या रोजच्या वाटेवर नाहीत. वैद्यकीय महाविद्यालय आणि आयआयटी यांनी मिळून वर्षाला काही डझन नमुने तपासायची कायमची सोय केली, तर मुंबईतल्या दाव्यांचं चित्र बदलेल असं माझं मत आहे.

कारण सिलिकाच्या बाबतीत ऊतीची साक्ष कायद्यात थेट कामी येते. सिलिकामुळे मॅक्रोफेज मरतात आणि क्षयाच्या जंतूला मोकळं रान मिळतं; म्हणून दगडकामगाराला क्षय होणं हे त्याच्या कामाशी जोडलेलंच असतं. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने तिसऱ्या अनुसूचीत सिलिको-ट्युबरक्युलोसिसचा, म्हणजे सिलिकोसिससह झालेल्या क्षयाचा, समावेश केला. अट अशी की अपंगत्व किंवा मृत्यू घडवण्यात सिलिकोसिसचा वाटा अत्यावश्यक असला पाहिजे. क्षयाच्या ग्रॅन्युलोमाशेजारी, म्हणजे क्षयातल्या पेशींच्या गाठीशेजारी, सिलिकाची गाठ दाखवता आली, तर ही अट पुरी होण्याच्या दिशेने मोठं पाऊल पडतं. पॅथॉलॉजिस्टने ग्रॅन्युलोमा पाहून ‘क्षय’ लिहिलं आणि ध्रुवीकृत प्रकाश लावलाच नाही, तर त्या माणसाच्या बायकोमुलांचा दावा तिथेच संपतो. गोध्राच्या क्वार्ट्झ गिरण्यांत राबून मेलेल्या मध्य प्रदेशातल्या २३८ आदिवासी कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये मिळायला २०१६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. ओटा कापणारा कंत्राटी कामगार तर बहुधा कारखाने कायद्याच्या कक्षेतच बसत नव्हता. त्याच्यासाठी डॉक्टरने काळजीपूर्वक लिहिलेला अहवाल हाच पहिला आणि पुष्कळदा एकमेव कागद असतो.

पुढच्या प्रकरणांतली छायाचित्रं आणि कृती या गरजेतून निवडल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्या पाठ करण्यापेक्षा विभागातल्या जुन्या स्लाइड काढून, दोन पोलरॉइड फिल्म घेऊन, स्वतः करून पाहाव्यात. मेणात बसवलेले ब्लॉक नीट ठेवले तर दशकानुदशकं टिकतात. दहा वर्षांपूर्वी ‘क्षय’ म्हणून बंद झालेला नमुना आजही पुन्हा कापता येतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे आणि त्याच्या फुप्फुसाचा तुकडा कधीकाळी तपासायला गेला होता, त्यांनी त्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून ब्लॉक आणि अहवालाची प्रत मागावी. आणि बायोप्सीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला माझी हात जोडून विनंती आहे. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘मजूर’ किंवा ‘निवृत्त’ एवढंच लिहू नका. रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा, की तुम्ही नेमकं काय काम केलं, कुठे, किती वर्षं, आणि तिथे धूळ कसली होती. उत्तर मिळेल ते सगळं लिहा. जागा पुरली नाही तर फॉर्मच्या मागे लिहा.